जवाईबुवांचं उद्यान-पर्यटन

मे महिन्यातल्या नागपुरात शांतता मिळत नाही, कूलर मिळतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला कूलर म्हटलं की चाकांवरून घरभर फिरवता येणारा प्लास्टिकचा डबा आठवतो. नागपूरचा अस्सल कूलर लोखंडी पत्र्याचा असतो, खिडकीला बाहेरून टेकवलेला असतो आणि वेळ पडली तर एखाद्या पाहुण्याची आत सोय करता येईल इतका ऐसपैस असतो. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाणी आणि त्या पाण्यात एक चिमुकला पंप. तो सुरू होऊन पंखा फिरू लागला की घरातला प्रत्येक जण आपोआप एक पट्टी वर चढतो. मीठ मागायचं असलं तरी जाहीर सभेचा आवाज काढावा लागतो. नागपूरकर मोठ्याने बोलतात याचं कारण लोक त्यांच्या स्वभावात शोधतात. माझ्या मते ते त्यांच्या खिडकीत आहे. होळीच्या सुमारास सुरू झालेला कूलर पाऊस येईपर्यंत थांबत नाही. एवढे महिने त्याच्याशी झुंजून बोललेला माणूस बाकीच्या दिवसांत आवाज खाली कशाला आणेल?

माझी सासुरवाडी नागपूरची, लक्ष्मीनगरची. मुलांच्या सुट्ट्या मे महिन्यातच येतात, त्यामुळे आम्हीही मे महिन्यातच जातो. पुण्याहून सातशेच्या वर किलोमीटर. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आलं, असं माझे सासरे आनंदाने सांगतात. त्यावर मी मतप्रदर्शन करत नाही.

नागपूरच्या सासुरवाडीत जावयाला एकटं सोडत नाहीत. सकाळी डोळे उघडले की समोर चहा आणि चहामागे कुणीतरी बसलेलं. दुपारी आंब्याचा रस आणि सरगुंडे. घरातल्या बायकांनी हाताने वळून वाळवलेले हे सरगुंडे रसात बुडवून खायचे, आणि किती खाल्ले ते आपण मोजायचं नाही. मोजायला सासूबाई असतात, आणि त्यांची मोजणी नेहमी कमी भरते. "घ्या ना जी, काहीच तर नाही घेतलं!" हे वाक्य कूलरवर मात करत टेबलाच्या चारही बाजूंनी येतं. जेवण झालं की शेजारचे काका जवाई पाहायला येतात. त्यांना तो मागच्या वर्षीही दाखवलेला असतो.

या प्रेमाला माझी हरकत नाही. मला फक्त तासभर, पुस्तक घेऊन, कुणाशी न बोलता बसायचं होतं. मागे फाटकापर्यंत शतपावली करताना ले-आउटच्या टोकाला एक लहानशी बाग दिसली होती. चार-दोन कडुनिंब, सिमेंटचे बाक, मेंदीचं कुंपण. उद्या सकाळी तिथे जाऊन बसावं म्हणतो, असं मी रात्री जेवताना जाहीर केलं.

पंगतीत चमचे थांबले.

"भाऊजी, बागच पाहायची तर महाराजबाग पाहा ना," मेहुणा म्हणाला. "भोसल्यांची बाग आहे. प्राणिसंग्रहालय आहे. आपल्या त्या बागेत काय आहे? बाकडेच तर आहेत."

मग अख्खं घर माझ्या मदतीला धावून आलं. अंबाझरी सुचवली गेली. तलाव १८७० चा, शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला, आणि त्याच्या काठी मोठं उद्यान. तेलंखेडी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, रामटेक अशी यादी वाढत गेली. मला नुसतं बसायचंच आहे, हे मी ठासून सांगितल्यावर मेहुण्याने शेवटचा तोडगा काढला: झिरो माइल. १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी तिथे चार घोडे आणि एक खांब उभारून ठेवलाय आणि तो भारताचा मध्य आहे, असं नागपूरचं शेंबडं पोरही सांगतं. "बसायचंच आहे तर देशाच्या मधोमध बसा," तो म्हणाला. मी नाही म्हटल्यावर त्याने ताईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, सहानुभूतीने पाहिलं.

खरं तर ही ले-आउटची बाग हेच नागपूरचं खास वैशिष्ट्य आहे, पण नागपूरकरांना ते सांगून पटत नाही. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास जन्माला आला आणि या प्रन्यासाने शहराचा मोठा भाग ले-आउट पाडून वसवला. ले-आउट म्हणजे सरळ रस्ते, आखलेले भूखंड आणि मधे कुठेतरी सोडलेली मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेचं पुढे काय व्हायचं ते नशिबावर. कुठे देऊळ होतं, कुठे समाजभवन होतं, कुठे लग्नाचं लॉन होतं. ज्या जागेकडे कुणाचंच लक्ष जात नाही तिथे बाग होते. शहरभर अशा बागा विखुरल्या आहेत. त्यांची चित्रं कुठल्याही पोस्टकार्डावर नाहीत, आणि एका ले-आउटची बाग पलीकडच्या ले-आउटमधल्या माणसाला माहीत असेलच असं नाही.

सासऱ्यांनी मात्र विरोध केला नाही. "मी रोज जातोच सकाळी. चला माझ्यासोबत," ते म्हणाले. एकटं बसण्याच्या बेतातला 'एकटं' तिथेच गळाला.

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या गळ्यात एक दुपट्टा टाकला आणि पायजम्याच्या खिशात एक कांदा सरकवला. मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून विदर्भात खिशात कांदा बाळगतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण अजून सूर्य उगवायचा होता.

"आई, आत्ता कसलं ऊन?"

"येईपर्यंत आठ वाजतात ना जी!" त्या म्हणाल्या. नवतपा सुरू झाला होता, म्हणजे मे महिन्याच्या शेवटाकडचे ते नऊ दिवस, ज्यांच्यात नागपूर स्वतःशीच स्पर्धा करतं. कांदा मोठा होता. तो खिशात ठेवून चालताना माणूस डावीकडे झुकतो.

चालायची वेळ मात्र आली नाही. सासऱ्यांनी स्कूटर काढली. बाग पाच-सात मिनिटांवर आहे, पायीच जाऊ, असं मी म्हणालो.

"पैदल गेलं तर पोचेपर्यंतच फिरणं होऊन जाईल. मग बागेत काय करायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय सरळ रस्त्याने गेलो असतो तर प्रवास फारच लहान झाला असता. सासऱ्यांनी आठ रस्ता चौकातून वळसा घेतला. या चौकाला खरोखर आठ रस्ते फुटतात आणि त्या वेळी त्यांतल्या प्रत्येक रस्त्याने ओळखीचं कुणीतरी येत होतं. सासरे प्रत्येकासाठी स्कूटर थांबवत आणि मी मागच्या सीटवरून नमस्कार करत होतो. "जवाई काय?" असं विचारलं जाई. सासरे "हो, पुण्याचे" म्हणत. समोरचा माणूस मला नीट न्याहाळून "चांगलं आहे," असा निर्वाळा देई. पाच मिनिटांच्या बागेला आम्ही अर्ध्या तासात पोचलो.

फाटकाबाहेर दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या. एकीवर कारल्याचा, दुधीचा आणि गव्हांकुराचा रस. दुसरीवर तर्री पोहा. फिरून आलेली मंडळी आधी डोळे मिटून कारल्याचा रस घेत आणि मग दोन पावलं सरकून डोळे उघडे ठेवून पोहे घेत. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री पडत होती. दोन्ही गाड्यांचा धंदा तेजीत होता आणि दोघा मालकांत मुळीच वैर नव्हतं.

फाटकाच्या आत नियमांचा फलक होता. मी पुण्याचा असल्याने फलक वाचल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. मजकूर मला जरा पुळचट वाटला. 'कृपया' फार होते, अपमान एकही नव्हता. चेंडूने खेळू नये, पाळीव प्राणी आणू नयेत, शांतता राखावी. 'फुले तोडू नयेत' या ओळीखाली मात्र कुणीतरी वेगळ्या रंगाने, वेगळ्या अक्षरात 'देवासाठीसुद्धा' असं लिहिलं होतं. तेवढं वाचून मला घरच्यासारखं वाटलं.

या 'सुद्धा'चं कारण फलकाच्या मागेच उभं होतं. एक आजोबा छत्रीच्या मुठीने पिवळ्या कण्हेरीची फांदी खाली ओढत होते आणि एक आजी पिशवी धरून उभ्या होत्या. आजोबांनी फांदी हलवली, फुलं टपटप पडली, आजींनी ती जमिनीवरून वेचली. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर आजी म्हणाल्या, "खाली पडलेलीच घेऊन राहिलो जी. तोडली नाही एकही." सकाळभर बागेत असाच कायदा पाळला जात होता.

बाग म्हणाल तर छोटी. कडेने पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, मधे हिरवळ म्हणून राखलेली पण मे महिन्यात पिवळी पडलेली जागा, एका कोपऱ्यात घसरगुंडी आणि दुसऱ्यात लोखंडी व्यायामयंत्रं. ट्रॅकवर सगळे उजवीकडून, प्रदक्षिणेच्या दिशेने चालत होते. गर्दीत कुणाच्या पाठी पाठी कशाला जा, म्हणून मी उलट्या दिशेने निघालो. त्याचा परिणाम असा झाला की मला प्रत्येक फेरीत प्रत्येक माणूस समोरून दोनदा भेटू लागला. पहिल्यांदा "नमस्कार", दुसऱ्यांदा "नमस्कार", पुढच्या फेरीला "पुण्याचे काय?", त्याच्या पुढच्या फेरीला "कोणाकडे?" अशी माझी मुलाखत हप्त्याहप्त्याने पार पडली. माझी दिशा चुकली आहे, असं कुणीही म्हटलं नाही. पुण्यात म्हटलं असतं.

साडेसहाच्या सुमारास बागेत दोन पंथ दिसले. पूर्वेच्या कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून योगवर्ग चालला होता. नागपुरात योगाची शिस्त जुनी आहे. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने पैसे न घेता योग शिकवण्याची परंपरा इथे घालून दिली. सगळे शवासनात होते. "शरीर सैल सोडा... मन शांत होत आहे... बाहेरचे आवाज दूर जात आहेत..." असं शिक्षक हळू आवाजात सांगत होते. नेमका त्याच क्षणी पश्चिमेच्या कोपऱ्यातला हास्य क्लब सुरू झाला. तीसेक माणसांनी हात वर करून एकदम 'हो हो हा हा हा' केलं. शवासनातल्या एका गृहस्थांनी डोळे न उघडता, शरीर सैल ठेवून, फक्त कपाळाला आठी घातली. हास्य क्लब मग 'मौन हास्या'वर आला. तोंड उघडं, आवाज नाही. नेमक्या तेव्हा योगवर्गाने तीनदा ओंकार केला. दोन्ही संस्थांमध्ये वेळेचा काही करार झाला असावा आणि तो पाळला जात नसावा.

मी बाक शोधला, पुस्तक उघडलं. हा बाक मोकळा का आहे, याचा विचार मी करायला हवा होता. पण तोवर सासरे आले आणि त्यांच्यामागून बाकाचे मालक आले.

नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं. आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशची. राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानीपण गेलं. १९५३ च्या नागपूर करारात कबूल केल्याप्रमाणे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरसाल इथे होतं, डिसेंबरच्या थंडीत, संत्र्यांच्या हंगामात. बाकीचे महिने राज्यकारभाराचं काय, असा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. नागपुरात पडत नाही. ते काम बागेतल्या बाकांवर चालतं. आमच्या बाकावर एजी ऑफिसचे एक, रेल्वेचे एक, वेकोलिचे दोन आणि सिंचन खात्याचे एक निवृत्त सभासद होते, म्हणजे हिशेब, दळणवळण, कोळसा आणि पाणी ही खाती जागच्या जागी भरलेली. मला पाहुण्यांच्या गॅलरीत, म्हणजे बाकाच्या टोकाला, सरकवण्यात आलं.

पहिला विषय तापमान. मे महिन्यात तोच असतो. काल किती, आज किती, अकोला पुढे की चंद्रपूर. नागपूर मागे असलं की सगळ्यांचे चेहरे पडतात. मग निघाली २०२४ ची गोष्ट. त्या मे महिन्याच्या अखेरीस रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडला होता म्हणून सांगितलं. हे स्पष्टीकरण बाकाला अजून मान्य नाही.

"सेन्सर कुठे बिघडला होता?" रेल्वेवाले काका म्हणाले. "मी गेलो होतो ना त्या दिवशी गच्चीवर."

"बिघडला होता," वेकोलिचे एक म्हणाले. "उन्हानेच बिघडला. म्हणजे ऊन तेवढं होतंच ना!"

या मुद्द्यावर सभागृहाचं एकमत झालं. मग सर्वांची नजर माझ्याकडे वळली.

"पुण्याला किती असते?"

"अडतीस-एकोणचाळीस. कधी चाळीस."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. "म्हणजे उन्हाळा नसतेच तुमच्याकडे," असं शेवटी सिंचन खात्याने अत्यंत हळुवारपणे म्हटलं.

माझं पुस्तक दरम्यान हातोहात फिरत होतं. एकाने किंमत पाहिली, दुसऱ्याने पानं मोजली, तिसऱ्याने मागची ओळख वाचून काढली आणि "शेवट काय होते?" असं विचारलं. ते परत घ्यायला मी उठलो, तशी खिशातला कांदा निसटला आणि घरंगळत थेट एजी ऑफिसच्या चपलेशी जाऊन थांबला. आता हसू होणार, अशी मनाची तयारी मी केली. कुणी हसलं नाही. काकांनी कांदा उचलला, उलटा-सुलटा करून पाहिला, माझ्या हातात दिला, आणि आपल्या खिशातून स्वतःचा काढून दाखवला. रेल्वेने दाखवला. वेकोलिच्या दोघांनी दाखवले. सिंचनाचा लहान होता. "पांढरा ठेवत जा," त्यांनी मला सल्ला दिला. तिथून पुढे मला बाकाच्या मध्यभागी बसवण्यात आलं.

विषय बरेच झाले: सिमेंटचे रस्ते घरापेक्षा उंच झाले आणि पाणी अंगणात येऊ लागलं, मेट्रो चांगली आहे पण स्टेशनपर्यंत जायला गाडी लागते, वेगळा विदर्भ. शेवटच्या विषयावर मला काही विचारलं गेलं नाही. पाहुण्याला अडचणीत टाकत नाहीत तिथे.

पावणेआठच्या सुमारास ऊन कुंपण ओलांडून ट्रॅकवर आलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही, कुणी "चला" म्हटलं नाही. पण बाकावरचे सगळे एकदम उठले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, हास्य क्लब गंभीर चेहऱ्याने पांगला, आणि पाचच मिनिटांत बाग रिकामी झाली. मी मागून येतो, असं मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि स्कूटरला किक मारली.

आणि मग, वाचकहो, मला ती शांतता मिळाली. कडुनिंबाची सावली बाकापुरती अजून शिल्लक होती. वर कुठेतरी तांबट पक्षी एका लयीत टुक-टुक करत होता; हा पक्षी भर उन्हाळ्यातही बोलतो आणि त्याला कुणाच्या उत्तराची अपेक्षा नसते. घसरगुंडीवरून एक खार उतरायला गेली, पत्रा तापला होता, ती अर्ध्यातून उडी मारून पळाली. बाकी काही घडलं नाही. कुणी काही वाढलं नाही, कुणी काही विचारलं नाही. या बागेत आठ वाजल्यानंतर शांतता असते, कारण शहाणा नागपूरकर त्या वेळी उघड्यावर बसत नाही. तिचा पहारेकरी ऊन आहे, नियमांचा फलक नव्हे.

रबरी पाइप ओढत माळीदादा आले. मला पाहून थबकले. कुंडीकडे पाणी सोडून काही वेळ मला निरखत राहिले.

"तब्येत बरी आहे ना जी?"

"हो, हो. उत्तम."

"घरी काही बोलाचाली झाली काय?"

"नाही हो. वाचत बसलोय."

हे त्यांना पटलं नाही, पण त्यांनी ताणलं नाही. पाइप माझ्या बाकाकडे वळवला आणि सभोवतालची जमीन चांगली भिजवून दिली. तापलेल्या मातीतून वाफ उठली, तिचा वास आला आणि पायांखालचा उन्हाळा पाच-सात अंशांनी उतरला. मग ते काही न बोलता बोगनवेलीकडे गेले. कूलरचं तत्त्व तेच, पाणी आणि वारा. फक्त आवाज वगळून.

दोन प्रकरणं वाचून होईतो फाटकाशी मोटरसायकल थांबली. मेहुणा होता. डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात पन्ह्याची बाटली. "आई म्हणे, भाऊजींना ऊन लागलं असेल," त्याने अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तांबट गप्प झाला.

नागपूरला वाघ पाहायला जाणाऱ्यांची संख्या हल्ली पुष्कळ आहे. ताडोबा आणि पेंच दोन्ही तिथून सोयीचे पडतात, जरूर जावं. पण मधे एक सकाळ मोकळी ठेवून कुठल्याही जुन्या ले-आउटच्या बागेत जा. साडेपाचला गेलात तर माणसं भेटतील, आठनंतर बसलात तर निवांतपणा मिळेल. मधल्या वेळेत फाटकाबाहेर पोहे असतात. आमची बाग दहाला बंद होते आणि संध्याकाळीच उघडते, तेव्हा आतल्या आत कोंडून घेऊ नका. आणि नागपुरात तुमची सासुरवाडी असेल, तर एकीऐवजी दोन सकाळी काढा.